गाडी घेताना: दिसतं ते तुमचं, दडवलेलं ते डीलरचं

गाडी घरी येऊन महिना झाला की 'शोरूमवाल्याने फसवलं' ही तक्रार ऐकू येते. कागद मागवून बघितले तर बऱ्याचदा भांडणाची ती ओळ कोटेशनमध्ये ठळक छापलेली असते आणि खाली ग्राहकाची सही असते. काही वेळा मात्र डीलरने खरोखरच काहीतरी झाकलेलं असतं. या दोन तक्रारी सारख्या दिसल्या तरी त्यांचे निकाल वेगळे लागतात.

ही वाटणी कायद्यात जुनीच आहे. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे माल पारखून घेणं हे मुळात घेणाऱ्याचं काम. विकणारा त्याच मालाचा धंदा करत असेल तर माल विकण्याजोगा असलाच पाहिजे, पण घेणाऱ्याने तपासणी केली असेल तर त्या तपासणीत दिसायला हवा होता तो दोष नंतर विकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दुसरी बाजू भक्कम केली: खोटं सांगणं, दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा. पुढची प्रत्येक पायरी या दोन गोष्टी लक्षात ठेवून वाचा.

घरून निघण्याआधी

सोसायटीत स्टॅक पार्किंग (यंत्राने एकावर एक गाड्या ठेवायची सोय) असेल तर आधी टेप घेऊन खाली उतरा. घोडबंदर रोड, घणसोली, खारघरच्या टॉवरांत काही ठिकाणी खालच्या पॅलेटची (गाडी उभी करायच्या फळीची) मोकळी उंची जेमतेम दीड मीटरच्या आसपास असते. ह्युंदाई क्रेटाची उंची १,६३५ मिलिमीटर आहे, म्हणजे ती तिथे शिरणार नाही. पॅलेटवर वजनाची मर्यादाही लिहिलेली असते. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर ती नक्की बघा, बॅटरीमुळे त्या गाड्या जड असतात. हे सांगणं सेल्समनचं काम नाही आणि तो आपणहून सांगणारही नाही.

पासिंग सहसा तुमच्या पत्त्याच्या आरटीओत होतं. ठाणे शहराला एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीला एमएच-०५, ऐरोली-वाशी-नेरूळला एमएच-४३. खारघर-कामोठेकर स्वतःला कितीही नवी मुंबईकर म्हणोत, त्यांचं पासिंग पनवेलला, एमएच-४६. भाड्याने राहत असाल तर पत्त्याचा पुरावा (नोंदणीकृत भाडेकरार) आधीच तयार ठेवा. ऐन वेळी पासिंग अडकतं ते यातच.

टेस्ट ड्राइव्ह सपाट सर्व्हिस रोडवर दहा मिनिटं घेऊन काही कळत नाही. ठाण्यात असाल तर गायमुख घाटाचा चढ, बेलापूरकडे असाल तर पारसिक हिलचा. एसी चालू ठेवा आणि घरची चार माणसं आत बसवा. परतीला मुद्दाम गर्दीच्या वेळी माजिवड्यासारख्या नाक्यावरून या. क्लच किती जड आहे ते तिथे गुडघ्याला कळतं.

कोटेशन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

'ऑन-रोड सव्वाअकरा पडतील बघा' हे तोंडी वाक्य म्हणजे किंमत नव्हे. शोरूमच्या छापील कागदावर, बाब-बाब वेगळी करून, तारीख आणि शिक्क्यासह कोटेशन मागा. दोन शोरूमचं घ्या, शक्य असेल तर एक ठाण्यातलं आणि एक नवी मुंबईतलं.

आता एक उदाहरण ओळीने लावून बघू. पेट्रोल गाडी, वैयक्तिक नावावर, एक्स-शोरूम (रस्ता कर, नोंदणी, विमा धरण्याआधीची किंमत) ९,५०,००० रुपये. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के आहे. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४, १५. कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के. म्हणजे आपल्या गाडीला कर १,०४,५००. करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर, २,०९०. नोंदणी फी ६००, कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. बेरीज १,०८,८९०. कोटेशनवर 'आरटीओ' या एका शब्दासमोर १,१८,००० असेल तर वरचे नऊ हजार कसले, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पासिंगनंतर कर भरल्याची ऑनलाइन पावती निघते. तिची प्रत देण्याची अट कोटेशनवरच लिहून घ्या, मग आकडा आपोआप जागेवर येतो.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आलेला असतो. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५. एक्स-शोरूम दहा लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करून भरायचा आयकर) लागतो. तो खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. तुमच्या जमा कराच्या उताऱ्यात (फॉर्म २६एएस) तो दिसत नसेल तर डीलरने तुमचे पैसे घेतले, पण तुमच्या नावावर नोंदवले नाहीत.

मग येतात हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक चार्जेस, डेपो चार्जेस. यांतलं एकही सरकारी देणं नाही. ती ओळ पेनाने खोडा, शेजारी मॅनेजरची सही घ्या आणि प्रत स्वतःकडे ठेवा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे मागितले तरी हेच करा: १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट गाडीसोबतच द्यावी लागते. 'बेसिक किट' म्हणून दाखवलेले मॅट, मडफ्लॅप, टेफ्लॉन कोटिंगही सक्तीचे नाहीत. हवे असतील तर घ्या, पण मोफत मिळाले असं समजू नका.

डीलरची बाजूही समजून घ्यावी. नव्या गाडीवर त्याचा नफा थोडाच, साधारण ३ ते ५ टक्के. दुकान चालतं ते विमा, कर्ज, ॲक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर. तेव्हा एक्स-शोरूमवर घासाघीस करून त्याने पंधरा हजार सोडले की ते दुसऱ्या कुठल्या ओळीतून परत येतात का, हे बघणं तुमचं काम. तो ते वसूल करायचा प्रयत्न करतो यात अनैतिक काही नाही. अनैतिक असतं ते न सांगता करणं.

आणि ग्राहकही काही कमी नसतात. सेल्समन म्हणतो, 'साहेब, कंपनीचं आयकार्ड नसलं तरी कॉर्पोरेट डिस्काउंट ॲडजस्ट करतो.' हे ॲडजस्ट म्हणजे तुमच्या नावाने केलेला खोटा कागद. कंपनीच्या तपासणीत तो पकडला गेला की सवलतीची वसुली तुमच्याकडून होऊ शकते, आणि मग तक्रार कुठल्या तोंडाने करणार? एक्स्चेंजला दिलेल्या जुन्या गाडीचा अपघात लपवणं हाही त्यातलाच प्रकार.

बुकिंग आणि पैसे

बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, ताब्याची अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती रक्कम कापणार हे हवं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'ताबा देतेवेळची किंमत लागू' असं बहुतेक ठिकाणी असतं. म्हणजे मधल्या काळात किंमत वाढली तर फरक तुमचा. कंपन्या जानेवारीत किमती वाढवतात, त्यामुळे डिसेंबरात बुकिंग करताना ही अट तोंडावर विचारा.

पैसे फक्त डीलरशिपच्या बँक खात्यात. सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको, 'आत्ता ऑफर लॉक करायला पाच हजार टाका' म्हणाला तरी नको. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे.

कर्ज: फ्लॅट रेटचा खेळ

८ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, 'फक्त ६ टक्के फ्लॅट'. ऐकायला गोड. व्याज झालं २,४०,००० आणि हप्ता १७,३३३. पण फ्लॅट पद्धतीत तुम्ही फेडलेल्या मुदलावरही शेवटपर्यंत व्याज धरलेलं असतं. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या हिशोबात बसवला तर दर निघतो जवळपास १०.८५ टक्के. शेजारची बँक घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी देत असेल तर तिथे हप्ता सुमारे १६,६०० पडतो. म्हणजे ६ पेक्षा ९ स्वस्त!

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी सगळ्या किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. प्रक्रिया शुल्कासकट खरा वार्षिक दर त्यात एका आकड्यात दिलेला असतो. तुलना फक्त त्या आकड्याची करा. डीलरकडूनच कर्ज घ्या अशी सक्ती करता येत नाही. 'बाहेरून लोन आणलं तर डिस्काउंट नाही' असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा, बहुतेकदा आवाज खाली येतो.

विमा

नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, तो सप्टेंबर २०१८ पासून. स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे फरक पडतो तो फक्त दुसऱ्या भागात. बाहेरून कोट काढताना आयडीव्ही (विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत, नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के) आणि झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट ही कव्हर सारखीच ठेवा, नाहीतर तुलना फसते. पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी भरणाऱ्या आपल्या भागात इंजिन प्रोटेक्ट ही चैन नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत तो दावा नाकारला जातो.

जुन्या गाडीवरचा नो क्लेम बोनस (२० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत) मालकाचा असतो, गाडीचा नाही. ती गाडी विकून बोनसचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा. दावा घेतलेला असताना 'घेतला नाही' असं लिहू देऊ नका. ते उघडकीला आलं की नवा दावा अडकतो आणि तेव्हा सेल्समन नोकरी बदलून गेलेला असतो.

यार्डात जाऊन बघणं

ही तपासणी बिल फाडण्याआधी आणि पासिंगआधी करायची. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की ओरखडा कुणाचा यावर महिने जातात. शोरूम घोडबंदर रोडवर असलं तरी गाडी अनेकदा भिवंडी, शिळफाटा किंवा तळोज्याच्या बाजूला यार्डात उभी असते. 'तिकडे कस्टमरला अलाउड नाही' म्हणाले तर गाडी शोरूमला आणून दाखवा म्हणावं. सकाळी जा. ट्यूबलाइटखाली रंगातला फरक दिसत नाही. दसरा-पाडव्याचा मुहूर्त असेल तर निदान चार दिवस आधी. मुहूर्ताच्या दिवशी हार-पेढे हातात घेऊन कुणी गाडीखाली वाकत नाही, आणि हे डीलरला माहीत असतं.

चेसिस नंबर आधी व्हॉट्सॲपवर मागवून घ्या आणि गाडीवरच्या कोरीव नंबराशी एकेक अक्षर जुळवा. १७ अक्षरं-आकडे असतात. उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोडमध्ये त्यातच असतं, पण कंपनीगणिक जागा बदलते. दहाव्या जागी वर्ष देणाऱ्या कंपन्यांत आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. सोपा मार्ग म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २१: त्यात उत्पादनाचा महिना-वर्ष लिहावंच लागतं, त्याचा मसुदा आधी दाखवायला सांगा. जानेवारीत डिसेंबरची गाडी घेण्यात गैर काही नाही, पण ती कागदावर एक वर्ष जुनी झाली आणि विकताना तेवढी किंमत कमी येणार. तेव्हा सूट आत्ताच मागा.

टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा ३५ वा आठवडा. स्टेपनीसह पाचही बघा. ते गाडीच्या उत्पादनाच्या थोडं आधीचे असणं बरोबर, नंतरचा निघाला तर टायर बदललाय. काचांवरच्या खुणा एकाच घराण्यातल्या हव्यात. एकच काच वेगळी असेल तर का, ते विचारा. बॉनेट आणि दरवाज्यांच्या बिजागरीचे बोल्ट नीट बघा: त्यांच्यावरचा रंग अखंड असतो, पाना लागला की कोपरे सोलवटतात.

मीटर ५० किलोमीटरच्या आत असेल तर ठीक. शंभरच्या वर असेल तर कारण लेखी घ्या. डेमो गाडी (टेस्ट ड्राइव्हला वापरलेली) नवी म्हणून खपवणं हा थेट फसवणुकीचा प्रकार आहे. गोव्यातल्या अशाच एका प्रकरणात २०११ च्या गाडीचे पैसे घेऊन २००९ ची, सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली गाडी दिली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्या कंपनीला त्यातून मोकळं केलं, कारण तिचा आणि डीलरचा व्यवहार स्वतंत्र होता आणि डीलरने काय केलं हे तिला माहीत असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. डीलरने लपवलं तर डीलरच जबाबदार, कंपनीच्या नावाच्या भरवशावर राहता येत नाही.

पावसाळा यार्डात काढलेल्या गाडीत आणखी दोन गोष्टी बघा. मॅट उचलून गालिचा हाताने दाबा, ओल लागते का. आणि बॉनेटखाली वायरी आणि इन्सुलेशन उंदरांनी कुरतडलंय का.

ताबा

केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ प्रमाणे नोंदणीशिवाय, तात्पुरती किंवा कायमची, डीलर गाडी ताब्यात देऊ शकत नाही. 'घेऊन जा, नंबर चार दिवसांत येईल' याला नाही म्हणा. तोवर अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद अटळ. दोन्ही किल्ल्या, टॅक्स इन्व्हॉइस, फॉर्म २१, कराची पावती, पॉलिसी, वॉरंटी पुस्तिका हे सगळं मोजून घ्या. ताबा पावतीवर 'गाडी सुस्थितीत मिळाली' असं छापलेलं असतं. काही खटकलं असेल तर सहीच्या वर हाताने लिहा, सही नंतर.

जुनी गाडी घेत असाल तर

इथे तर विश्वास पानिपतच्या लढाईत गेला हेच धरून चालायचं. विकणाऱ्याला गाडीचा सगळा पूर्वेतिहास माहीत असतो आणि तुम्हाला फक्त पॉलिश दिसतं.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी पाण्यात गेली असेल तर पट्ट्याच्या तळाशी, जो भाग रोज बाहेर येत नाही तिथे, चिखलाची फिकट रेघ राहते. गाडी धुणारे सीट धुतात, गालिचा बदलतात, पट्टा कुणी पूर्ण काढत नाही. मग सीटखालच्या रुळांचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली रेती, फ्यूज बॉक्सच्या पिनांवरची हिरवट बुरशी. खाडीकाठच्या भागात तळाला थोडा गंज सगळ्याच गाड्यांना असतो, पण डॅशबोर्डमागच्या ब्रॅकेटला गंज असेल तर पाणी तिथवर चढलं होतं.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मेकॅनिककडे असतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेला दोनशेच्या वर, पुट्टी भरली असेल तर पाचशे-हजारही. एखादा बंपर रंगवलेला असणं चालतं, छत किंवा खांब नको.

मीटर मागे फिरवलंय का ते मीटरवरून कळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नंबर देऊन सर्व्हिसची यादी काढा. आणि विम्याची जुनी पॉलिसी मागा: चार वर्षांची गाडी, मालक म्हणतो एकही अपघात नाही, पण पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर मधे दावा झालाय किंवा पॉलिसी खंडित झालीय. दोन्हींचं उत्तर हवं.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय? तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आल्याने त्या इकडे येतात. फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करा. कर्ज असलेल्या गाडीला बँकेचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकीत ई-चलन आधी तपासा, ती गाडीबरोबर येतात. विकणारे असाल तर याहून जपा: नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईला कागदावरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. त्याच्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९सी मधून जाते आणि जबाबदारी त्याच्यावर सरकते. सगळ्यांकडे अधिकारपत्र असतंच असं नाही, म्हणून ते बघायला मागा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडू नका.

बिनसलंच तर

आधी डीलरच्या मॅनेजरला ईमेल, मग कंपनीला, तारखेसह. फोनवरचं बोलणं त्याच संध्याकाळी 'आपलं असं ठरलं' म्हणून लिहून पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. तरी हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. मुदत दोन वर्षांची. कंपनीच्या नावावर धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला मात्र 'ग्राहक' म्हणून उभं राहणं अवघड जातं. उत्पादनातला दोष असेल तर निर्मात्यालाही पक्षकार करा.

तक्रारीला पहिलं पान जोडायचं ते सही केलेल्या कोटेशनचं. खोडलेली ओळ आणि तिच्या शेजारची मॅनेजरची सही दोन्ही नीट उमटतील अशी रंगीत प्रत काढा.